दुसऱ्यांदा विचारणे

बॉबलिंगेन,
३० मे २००४

चि. सौ. कुंदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि गोडा मसाल्याची पुडी दोन्ही पोचलं. पुडी वाटेत फुटली होती, त्यामुळे तुझं पत्र वाचताना मला भूक लागते. इथे सगळं ठीक. गुडघा बोलतो, पण ऐकून घ्यावं एवढंच.

आता मुद्द्यावर येते, कारण पोटात दुखतंय आणि का दुखतंय ते सख्ख्या बहिणीशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही.

मागच्या रविवारी यशोधनचा पर्थहून फोन आला. जुलैत त्याला पाच आठवडे सुट्टी आहे. एक फोर व्हील ड्राइव्ह कॅम्पर भाड्याने घेऊन तो आणि संपदा डार्विनपासून ब्रूमपर्यंत जाणार. म्हणजे ऑस्ट्रेलियाचं पार वरचं टोक, शेकडो मैल तांबडी माती आणि माणूस औषधाला नाही. गाडीतच रांधायचं, गाडीतच झोपायचं. तीन माणसांची सोय आहे, तर तू येतेस का, असं त्याने विचारलं. जर्मनमध्ये, अर्थात. एकतीस वर्षं मी त्याच्याशी मराठीत बोलते आणि तो मला जर्मनमध्ये उत्तरं देतो, हे तुला नवीन नाही.

कुंदे, तो रस्ता कुणाचा आहे हे तुला ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात आम्ही बोडनझेच्या तळ्याकाठी आमची जुनी कॅरॅव्हॅन लावायचो. मी आत भांडी विसळायची आणि हे बाहेर घडीच्या टेबलावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा पसरून बसायचे, तांबडी पेन्सिल कानाला लावून. निवृत्त झालो की जाऊ, म्हणायचे. वीस वर्षं तो नकाशा आमच्यात बसला. मी त्याला सवत म्हणायचे, आणि थट्टेने नव्हे. त्यात डोकं घालून बघावं असं मला एकदाही वाटलं नाही. निवृत्तीला सात महिने उरले होते तेव्हा हे गेले. पुढे यशोधन म्हणाला होता की आई, बाबांचा रस्ता आपण करू. तो पर्थला निघाला तेव्हा नकाशा मीच त्याच्या बॅगेत घातला.

तर त्याने विचारलं आणि मी म्हणाले, नको रे, तुम्ही दोघं जा, मी म्हातारी कशाला मध्ये. असं म्हणायचंच असतं ना? पहिल्या फेरीला जिलबी कुणी घेतं का आपल्यात? पुढचा आग्रह त्याने करायचा होता. तर हा पठ्ठ्या 'शाडे' म्हणाला, म्हणजे अरेरे, आणि पुढच्याच वाक्यात मला बॉबलिंगेनच्या हवेबद्दल विचारायला लागला.

काल संपदाचा फोन. तिसऱ्या जागेवर तिची आई येणार. यंदा अधिक श्रावण आहे, त्यांच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, तेव्हा जावयाला अधिकाचं वाणही तिथेच देणार. तेहतीस अनारसे, जंगलात. मी अगदी छान झालं म्हणाले, फोन ठेवला आणि तळघरात जाऊन स्वच्छ चादरी परत धुवायला टाकल्या.

मला हेवा वाटतो, कुंदा. जळतेय मी, स्पष्टच सांगते. लहानपणी तो माझ्या अनारशांचा डबा पलंगाखाली लपवायचा. इथल्या बेकरीवाल्यांची काळी खसखस लावायचे मी, आणि तुम्ही सगळे पुण्याला त्या काळ्या अनारशांना हसायचात. त्याला तेच आवडायचे. आता खाईल सासूचे पांढरेशुभ्र.

तुझा सगळा लोभ सध्या मला लागणार आहे, त्यात काटकसर करू नकोस.
तुझी,
ताई

•

नाशिक,
१२ जून २००४

श्रीमती वसुधाताई यांस,
कुसुम गायधनी हिचा स.न.वि.वि.

पत्रास कारण आनंदाचं आहे आणि थोडं संकोचाचंही. संपदाने मला ऑस्ट्रेलियाच्या प्रवासाला बोलावलं आहे हे आपल्या कानावर आलंच असेल. तिसऱ्या जागेवर पहिला मान आपला. यशोधनरावांनी आपल्याला विचारलं होतं आणि आपण स्वतःहून नको म्हणालात असं समजलं, म्हणून मी होकार दिला. नाहीतर असा विचारही मनात आणला नसता.

तीस वर्षं मी मुलींना ऑस्ट्रेलिया खंड शिकवला, वाळवंटं आणि मेंढ्या पाठ करून घेतल्या, आणि स्वतः मनमाडच्या पुढे फारशी गेले नाही. त्यामुळे ह्या वयात मला शाळकरी मुलीसारखं झालं आहे. आमचे हे विमानाला भितात. ते डबा लावून घरीच राहणार आहेत.

एक विचारायचं होतं. अधिकाचं वाण द्यायचं मनात आहे. यशोधनरावांना अनारसे आवडतात का? खुसखुशीत आवडतात की मऊ? आणखी काही त्यांच्या आवडीनिवडी, पथ्यं असतील तर निःसंकोच कळवावं. मुलगा आपला आहे, आम्ही फक्त चार दिवस सांभाळणार.

आपण आमच्यावर लोभ करता, तो ह्या प्रवासातही पाठीशी असू द्यावा.
आपली,
कुसुम

•

बॉबलिंगेन,
२४ जून २००४

सौ. कुसुमताई यांस,
स.न.वि.वि.

आपलं पत्र वाचून फार बरं वाटलं. आपण संकोच मुळीच मानू नका. मला तसले खडबडीत प्रवास ह्या वयात मानवले नसते, आणि खरं सांगायचं तर मला त्या भागाचं आकर्षण कधी नव्हतंच. आपण जाता आहात हे फारच उत्तम.

अनारशांचं म्हणाल तर आपण उगीच दगदग करू नये. यशोधनला गोडाची आवड नाही, अनारसे तर तो खातच नाही. शास्त्रापुरते तेहतीस बत्तासे दिले तरी चालतं, आमच्याकडे बऱ्याच जणी तसंच करतात. बाकी त्याचं पथ्य काही नाही. सकाळी कॉफी लागते, चहा नाही.

आणखी एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे आपल्याला वाईट वाटायला नको. तो मितभाषी आहे. मराठी त्याला समजतं, पण बोलत नाही. आपण काही विचारलं आणि तो गप्प राहिला तर तो उद्धटपणा समजू नये.

प्रवास सुखाचा होवो. पाणी उकळून प्यावं. सुसरी असतात म्हणे.

लोभ आहेच, तो आहे तेवढा असावा.
आपली,
वसुधा परचुरे

•

पुणे,
५ जुलै २००४

ती. ताईस,
सा.न.वि.वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी कीव आली, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा राग. तू त्याला श्लोक शिकवलेस, पाढे शिकवलेस, दर रविवारी धरून बसवून बाराखडी गिरवून घेतलीस. आणि नको म्हणजे काय हे शिकवायचं राहिलं? तो ज्या गावात वाढला तिथे नको म्हणजे नको. बिचाऱ्याने तुझा मान ठेवला, आणि तू चादरी धूत बसलीस.

मनात मांडे आणि पदरात धोंडे, तेही धोंड्याच्याच महिन्यात. अगं, तुझ्या पहिल्या अधिकाला आपल्या आईने भाऊजींना चांदीचं ताट दिलं तेव्हा तुझ्या सासूबाई आठ दिवस धुमसत होत्या. तूच मला पत्रातून सांगून हसवलं होतंस. आता तू त्यांच्या पाटावर बसली आहेस, इतकंच झालंय. हा महिना जावयाचा असतो गं, जावयाच्या आईचा नाही.

ऐक माझं. फोन उचल आणि सांग, मला यायचं होतं. ह्यात कसला आलाय कमीपणा? यंदा जागा गेली तर गेली, पण त्याला कळू तरी दे. तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून रागावते आहे.

मसाला पुन्हा पाठवते, ह्या वेळी डबल पिशवीत. तुझा लोभ माझ्यावर आहे, पण अक्कल ऐकण्याइतका असता तर आणखी बरं झालं असतं.
तुझी,
कुंदा

•

कनुनरा, पश्चिम ऑस्ट्रेलिया,
२८ जुलै २००४

श्रीमती वसुधाताई यांस,
स.न.वि.वि.

कॅरॅव्हॅन पार्कमध्ये आंब्याखाली बसून हे लिहिते आहे. होय, इथे आंबे आहेत. आणि गोरखचिंच तर जागोजाग, पोट सुटलेल्या हलवायासारखी उभी. मी शाळेत पुस्तकातलं चित्र दाखवून शिकवलं ते झाड मिठी मारून पाहिलं. तिघांनी हात धरले तरी वेढा पुरा होईना.

आता हालहवाल. अनारशांचं तयार पीठ मी घरून आणलं होतं, ते डार्विनच्या विमानतळावर त्यांनी टोपलीत टाकलं. आपण लिहिल्याप्रमाणे बत्ताशांवर भागवायचा विचार आला. पण पहिला अधिक आहे, मन घेईना. म्हणून कॅथरीन गावी तांदूळ भिजत घातले. तीन दिवस ती बादली माझ्या पायांशी डुचमळत होती आणि रोज संध्याकाळी मी पाणी बदलत होते. काल ह्या राज्याच्या हद्दीवर पुन्हा तपासणी. कांदे, लिंबं, कढीपत्ता, मध सगळं काढून घेतलं. चार केळी तरी त्यांना द्यायची नाहीत म्हणून मी तिथेच उभ्याने खाल्ली. यशोधनराव हसून हसून बेजार. इथे शेजारच्या गाडीत एक निवृत्त ऑस्ट्रेलियन बाई आहेत, त्यांच्या कॉफी दळायच्या यंत्रातून तांदूळ दळून घेतले. पांढरी खसखस मी आणली नव्हती, कारण सिंगापूरला ती धरतात असं संपदाने बजावलं होतं. इथे पावावर लावायची काळी मिळाली. दिसायला बरी नाही, पण वेळ निभावेल.

यशोधनराव मितभाषी आहेत असं आपण लिहिलं होतं. मला मात्र ते मुळीच तसे वाटले नाहीत. मला जर्मन येत नाही आणि इंग्रजी व्याकरणापुरतं, तेव्हा त्यांना इलाजच नाही. दिवसभर मराठी बोलतात. अडखळतात, मध्येच गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणतात, पण थांबत नाहीत. मला आई म्हणून हाक मारतात. पहिल्यांदा मारली तेव्हा मी संपदाकडे पाहिलं.

मला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आहे, कारण नकाशा मला वाचता येतो. आपल्या यजमानांचा तो नकाशा माझ्या मांडीवर असतो. फार सुबक रेघ मारली आहे त्यांनी. फक्त एका ठिकाणी रस्ता नदीच्या चुकीच्या बाजूने काढला होता, तो मी दुरुस्त केला. उद्यापासून गिब रिव्हर रोड, चारशे मैल कच्चा रस्ता. पत्र आता ब्रूमहूनच.

आपला लोभ मला इथपर्यंत पुरला, पुढेही पुरेल अशी आशा.
आपली,
कुसुम

•

बॉबलिंगेन,
९ ऑगस्ट २००४

चि. सौ. कुंदास,
अ.उ.आ.

सोबत विहीणबाईंच्या पत्राची नक्कल पाठवते. हाताने उतरवून काढली आहे, म्हणजे मला ते पत्र दोनदा सोसावं लागलं.

वाचलंस? आई म्हणतो तिला. दिवसभर मराठी बोलतो. एकतीस वर्षं मी काय भिंतीशी बोलत होते? त्याला गोवर आला तेव्हा, शाळेत त्याला नावं ठेवायचे तेव्हा, हे गेले त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात, मी मराठीतून विचारलं आणि त्याने जर्मनमधून सांगितलं. मी मानून घेतलं की पोराला येतच नाही. येत होतं की. मला जर्मन येतं एवढाच माझा गुन्हा. मी अडाणी राहिले असते तर मलाही मराठी मिळालं असतं.

आणि पुढची सीट. आणि ह्यांचा नकाशा मांडीवर घेऊन बाई ह्यांची रेघ दुरुस्त करते. शाईने केली असेल, बघ. मास्तरीणबाईच ती.

अनारसे तो खातच नाही असं मी तिला लिहिलं होतं. हो, खोटं लिहिलं. तू काय म्हणशील ते मला पाठ आहे, लिहू नकोस. तरीही तिने केलेच. त्यात काळी खसखस. माझ्या हातून एवढी एकच गोष्ट वेगळी व्हायची, ती पण तिला दुकानात मिळाली.

आज संध्याकाळी कॅरॅव्हॅन ठेवली आहे तिथवर चालत गेले. छपरावर शेवाळ चढलंय. आत बसले थोडा वेळ. घडीचं टेबल उघडून पाहिलं, तर त्यावर पेन्सिलीला टोक केल्याचा भुगा तसाच होता. पुसला नाही.

लोभ ठेव. तो कुणी मागायला आलं तर मला विचारून दे.
तुझी,
ताई

•

ब्रूम,
१३ ऑगस्ट २००४

श्रीमती वसुधाताई यांस,
स.न.वि.वि.

ह्या पत्राबरोबर रजिस्टर पोस्टाने आपल्या यजमानांचा नकाशा परत पाठवते आहे. आधी नकाशा उघडू नका, पत्र वाचा.

कनुनरापर्यंत मी नकाशाची एकच घडी उघडली होती. गिब रिव्हर रोडला लागलो तेव्हा आतली घडी उघडली, तर ती बारीक पेन्सिलीच्या मराठी अक्षरांनी भरलेली. यशोधनरावांना वाटलं होतं की बाबांनी अंतरं लिहिली आहेत. त्यांना छापील मराठी वाचता येतं, पण हे अक्षर मुंग्यांएवढं. दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचं लिखाण, वाचावं की नाही असं मलाही झालं. पण पेंटेकॉस्ट नदी समोर आली, तिच्यातून गाडी घालायची होती, आणि नेमकं तिथेच काहीतरी लिहिलं होतं. सूचना असेल म्हणून मी मोठ्याने वाचलं.

लिहिलं होतं: पाण्यात शिरण्याआधी थांबणे. वसुधाला चहा करून देणे. घाबरली आहे हे ती कबूल करणार नाही.

 मग यशोधनरावांनी गाडी बाजूला घेतली आणि चहा केला. आम्ही तिघांनी तो उभ्याने घेतला आणि मग नदी ओलांडली.

पुढे रस्ताभर तेच. एका धबधब्याशी: वसुधा नाही नाही म्हणत पाय बुडवेल. एका पेट्रोल पंपाशी: इथून बॉबलिंगेनला फोन लागतो का पाहणे, वसुधाला घराची काळजी. मी वाचायची, आणि यशोधनराव मला प्रत्येक ओळ परत वाचायला लावायचे. वसुधाताई, मला आपला हेवा वाटला. असा हेवा मी आयुष्यात कुणाचा केला नव्हता. आमच्या ह्यांना छत्तीस वर्षांत माझ्या चहात साखर किती हे सांगता यायचं नाही, आणि आपल्यासाठी एक माणूस नदीकाठचा चहा वीस वर्षं आधी ठरवून ठेवतो.

विंजाना म्हणून खडकाची मोठी घळ आहे, तिथे लिहिलं होतं: दोन मुक्काम. वसुधा एकच पुरे म्हणेल. दुसऱ्यांदा विचारणे.

यशोधनरावांना हे कळेना. ती नको म्हणाली तर पुन्हा का विचारायचं, तो तिचा अपमान नाही का, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं की आपल्याकडे पहिलं नको रीतीचं असतं, दुसरं समोरच्याची परीक्षा घ्यायला असतं, आणि खरं काय ते तिसऱ्यांदा कळतं. ते गाडीच्या पायरीवर जाऊन बसले. मग संपदाला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले, लग्नानंतर ती थोडं शिकली आहे. मी तिला मागाहून विचारलं. मी आईला एकदाच विचारलं होतं, असं म्हणाले.

त्याच मुक्कामी वाण दिलं. पहिले तीन अनारसे तुपात हसले, पार विस्कटले, पण नंतरचे तेहतीस छान जाळीदार झाले. एवढे हादरे खाल्लेलं पीठ, त्याबद्दल कौतुक माझं व्हायला हवं होतं. जावईबापूंनी अनारसा हातात घेतला, काळी खसखस पाहिली आणि डबा उचलून गाडीमागे गेले. अकरा खाऊन आले. माझ्या आईचे अगदी असेच असतात, म्हणाले. पंधरा दिवस आधी बादली आणि मग पीठ मी सांभाळलं आणि शाबासकी आपल्याला. ते अनारसे खात नाहीत असं आपण कळवलं होतं. मी तीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्या आहेत, तेव्हा त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

नकाशावरची माझी दुरुस्ती पेन्सिलीची होती, ती खोडली आहे. रेघ त्यांचीच बरोबर होती. नदीने पात्र बदललं आहे.

लोभ मागायची आता माझी हिंमत नाही, आपण द्याल तेवढा घेईन.
आपली,
कुसुम

•

बॉबलिंगेन,
२९ ऑगस्ट २००४

सौ. कुसुमताई यांस,
स.न.वि.वि.

नकाशा मिळाला. पोस्टातल्या खिडकीवरून तो मी छातीशी धरून घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडून ठेवला आहे. दोन दिवस उभ्यानेच जेवते, कारण टेबलावर जागा नाही.

अनारशांबद्दल मी खोटं लिहिलं. त्याला माझ्या अनारशांचं वेड आहे. माझ्या वयाचं आणि आकर्षण नसल्याचं लिहिलं तेही खोटं. मला यायचं होतं. कुणी पुन्हा विचारील म्हणून वाट पाहत बसले, आणि नाही विचारलं तो राग तुमच्यावर काढला. मला क्षमा करा.

वीस वर्षं मी ह्या नकाशाला सवत म्हटलं, आणि त्यात जागोजागी मीच बसलेली. एकदा वाकून पाहिलं असतं तर दिसलं असतं. ह्यांनी कधी दाखवलं नाही. मला वाटतं, मी नको म्हणेन अशी त्यांना भीती होती.

हेवा संपला असं खोटंच लिहिणार नाही. हे सगळं माझ्या आधी तुमच्या डोळ्यांनी वाचलं, त्याचा थोडा उरलाच आहे. पण तुम्ही ते मोठ्याने वाचलंत आणि माझ्या मुलाने ऐकलं, ह्याचे उपकार कसे फेडू? मी वाचलं असतं तर डब्यात बंद करून ठेवलं असतं.

मागच्या पत्रात लोभ आहे तेवढा असावा असं लिहिलं होतं, ते कृपा करून खोडावं.
आपली,
वसुधा

•

पर्थ,
५ सप्टेंबर २००४

ती. आईस,
सा.न.वि.वि.

संपदाने सांगितलं की असं सुरू करतात. माझं लिहिणं हळू आहे. हे पत्र मी चार संध्याकाळी लिहितो आहे. तू रविवारी शिकवायचीस ती अक्षरं हाताला आठवतात, मला नाही.

आल्झो, तर मग. मे महिन्यात मी तुला विचारलं आणि तू नको म्हणालीस. मला वाटलं तुला खरंच नको आहे. मी संपदाला सांगितलं की आईला माझ्याबरोबर जायचं नाही, बाबांबरोबर जायचं होतं. मला खूप वाईट वाटलं होतं. म्हणून मी हवेबद्दल विचारलं.

तुझ्याशी मी जर्मन बोलतो कारण मराठी चुकलं तर तू लगेच बरोबर करतेस. संपदाच्या आई करत नाहीत, हसतात. मला दोन्ही चालतं, पण हसणं सोपं आहे. हे तुला सांगायला पाहिजे होतं.

पुढच्या जूनमध्ये मी तो रस्ता परत करणार आहे. तू येतेस का?

आता तू नको म्हणशील. म्हणून परत विचारतो. आई, तू येतेस का?

तिसऱ्यांदा फोनवर विचारणार होतो. पण फोनवर मी जर्मन बोलीन. म्हणून तिसऱ्यांदा पण इथेच. येतेस का?

शेवटी लोभ लिहायचा असतो. तो आहे.
तुझा,
यशोधन

•

बॉबलिंगेन,
१६ सप्टेंबर २००४

चि. यशोधनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हो. येते.

विंजानाला दोन मुक्काम. नदीच्या अलीकडे चहा, आणि मी घाबरलेली असेन, हे आत्ताच कबूल करते. खसखस इथून आणता येणार नाही, तर तिकडचीच घेऊन ठेव. मराठी चुकीचं बोललास तरी मी काही म्हणणार नाही. हे मला जमेल असं नाही, पण गप्प बसायचा प्रयत्न करीन. तुझं पत्र मी नकाशाच्या आतल्या घडीत ठेवलं आहे, बाबांच्या अक्षराशेजारी.

एक काम कर. चार माणसं झोपतील अशी गाडी बघ आणि संपदाच्या आईला विचार. त्या नको म्हणतील. पुढे काय करायचं ते तुला आता येतं.

पुढची सीट मात्र माझी.
तुझी,
आई